अडीच माणसांचं घरकाम



साठी ओलांडलेली बरीच माणसं समोर दिसताहेत, म्हणून सुरुवात १९७९ च्या जुलैपासून करतो. 'स्कायलॅब पडणार' हे शब्द तेव्हा तुमच्याही कानांवर पडले असतील. कुठे पडणार, कुणाच्या डोक्यावर पडणार, याच्या चर्चा पारापासून कचेरीपर्यंत चालल्या होत्या. अवकाशस्थानक नावाची वस्तू आपल्या घरात शिरली ती अशी, भीतीच्या वाटेनं. ११ जुलैला ते पाऊणशे टनांचं धूड हिंदी महासागरावर फुटलं आणि काही तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात जाऊन पडले. तिथल्या एस्परन्स गावच्या नगरपरिषदेनं कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला. थट्टेनंच, पण ठोठावला.

त्या गडबडीत एक प्रश्न मागेच राहिला. स्कायलॅब वर धडधाकट होती तेव्हा तिच्यात माणसं राहत होती. १९७३-७४ मध्ये तीन तुकड्या राहून आल्या, शेवटची तुकडी ८४ दिवस. ही माणसं तिथे करत काय होती? दुर्बिणीतून सूर्य बघत होती, हे खरं. पण शेवटच्या तुकडीची तक्रार सूर्याबद्दल नव्हती, वेळापत्रकाबद्दल होती. खालून मिनिटामिनिटाची कामं लावली जात होती, आणि वस्तू शोधण्यात, बांधून ठेवण्यात, पुसण्यात जाणारा वेळ कुणी धरलाच नव्हता. अखेर खालच्यांशी मोकळेपणानं बोलून त्यांनी कामाची गाडी रुळावर आणली. अवकाशात पहिला संप झाला अशी दंतकथा यातून पुढे पसरली. संप वगैरे काही नव्हता. घरकामाला वेळ लागतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

माझं आजचं म्हणणंही त्याच्या आसपासचं आहे. ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांच्या सोयीसाठी ते आत्ताच सांगून टाकतो. अवकाशस्थानकावरचा सगळ्यात मोठा प्रयोग कुठला? ते स्थानक चालू ठेवणं, हा. बाकीचे प्रयोग त्याच्या पोटात येतात. कसे, ते सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. वर गुरुत्वाकर्षण नसतं असं सर्रास म्हटलं जातं. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. मुंबईहून पणजी सरळ रेषेत जेवढी लांब, जवळपास तेवढंच वर. एवढ्या अंतरात पृथ्वीची ओढ संपेल कशी? जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ९० टक्के ती तिथेही असते. मग माणसं तरंगतात कशानं? ती पडत असतात म्हणून. सिंहगडाच्या कड्यावरून दगड आडवा भिरकावला तर थोडा पुढे जाऊन पडेल. जास्त जोरानं भिरकावला तर आणखी पुढे. आता हवेचा अडथळा विसरा, आणि असा जोर कल्पा की दगड जेवढा खाली येतो तेवढीच पृथ्वीची गोलाईही त्याच्याखालून वळत जाते. मग तो पडतच राहील आणि जमीन त्याला कधीच लागणार नाही. या वेगाचा आकडा ताशी सुमारे २८,००० किलोमीटर. दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा, चोवीस तासांत सोळा सूर्योदय. कुठला सूर्योदय खरा मानायचा? कुठलाच नाही. तिथलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं.

स्थानक, त्यातली माणसं, त्यांचा चमचा, चमच्यातलं पाणी, सगळं एकत्र पडतं आहे. त्यामुळे तिथे 'वर' आणि 'खाली' उरत नाही. आणि ते उरलं नाही की काय काय जातं? गरम हवा वर चढत नाही. पाण्यातले बुडबुडे वर येत नाहीत. धूळ खाली बसत नाही. सांडलेलं पाणी फरशीवर पसरत नाही, गोळा होऊन तरंगतं, नाहीतर हाताला चिकटून बसतं. झोपलेल्या माणसाच्या नाकातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच रेंगाळतो. म्हणून पंखा हवा. रात्रंदिवस हवा, प्रत्येक खणात हवा. तिथे राहून आलेली माणसं शांततेबद्दल फारसं बोलत नाहीत, आवाजाबद्दल बोलतात. अवकाश म्हणजे निःशब्द पोकळी असं आपण कवितेत वाचतो. प्रत्यक्षात ती माणसं यंत्रांच्या घरघरीत, टेलिफोन बूथएवढ्या खोलीत, भिंतीला बांधलेल्या झोपण्याच्या पिशवीत झोपतात.

'घर पाहावं बांधून' असं आपण म्हणतो. या घराचा पहिला खण १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये वर गेला. मग एकेक तुकडा चढवत १०९ मीटर लांबीचा, ४०० टनांहून जड असा हा पसारा उभा राहिला. अमेरिका, रशिया, युरोप, जपान, कॅनडा, अशा पंधरा देशांचा. २ नोव्हेंबर २००० पासून तो एक दिवसही रिकामा राहिलेला नाही. पण पहिल्या वर्षांतली एक गंमत ऐका. तेव्हा तिथे तीन माणसं राहत. हिशेब मांडला तर असं निघालं, की नुसतं स्थानक चालवायलाच अडीच माणसं लागतात. विज्ञानाला उरलं अर्धं माणूस! पुढे १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया हे स्पेस शटल परतताना फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. स्पेस शटलची उड्डाणं थांबली, रसद आटली, आणि स्थानकावर दोनच माणसं ठेवावी लागली. काम अडीच माणसांचं, माणसं दोन. तीन वर्षं असं चाललं. या काळात स्थानकानं विज्ञानाला काय दिलं असं विचारणारे टीकाकार होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पण दोन माणसांनी ते घर बंद पडू दिलं नाही, ही गोष्ट जमेच्या कुठल्या रकान्यात लिहायची?

घर बंद पडणं म्हणजे काय असतं, हे एका स्थानकानं दाखवलं आहे, आणि त्याच्याशी आपला संबंध आहे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ज्या सोव्हिएत स्थानकावर राहून आले ते सॅल्यूत-७. त्यांचं तिथलं योगासनांचं काम तुम्हाला आठवत असेल, इंदिराजींना दिलेलं उत्तर तर सगळ्यांनाच आठवतं. वर्ष उलटायच्या आत, फेब्रुवारी १९८५ मध्ये, रिकाम्या असलेल्या त्या स्थानकाचा संपर्क तुटला. वीज गेली आणि ते अंधारात भरकटत फिरू लागलं. ते सोडून द्यायचं की वाचवायचं? जूनमध्ये व्लादिमिर जानिबेकोव आणि व्हिक्टर साविनिख या दोघांना पाठवलं गेलं.

यानाची आणि स्थानकाची गाठ एरवी स्वयंचलित यंत्रणा घालून देते. इथे समोरचं स्थानक मुकं. जानिबेकोवनी हातानं यान चालवत ते त्याला जोडलं. दार उघडलं तर आत काळोख आणि भिंतींवर बर्फाची साय. पाणी दगडासारखं गोठलेलं. हे दोघे लोकरीच्या टोप्या आणि जाड कपडे घालून आत शिरले. थंडी किती हे कळायला सोय नव्हती, म्हणून भिंतीवर थुंकून पाहिलं. थुंकी काही सेकंदांत गोठली. पंखे बंद. म्हणजे मघाशी सांगितलं तसं, काम करणाऱ्याचा श्वास त्याच्याच तोंडाशी साचणार. घटकाभर काम केलं की डोकं जड. बरोबर आणलेलं पाणी थोड्या दिवसांचं.

दोष कुठे होता? बॅटरी पूर्ण भरली की नाही हे सांगणारा एक संवेदक बिघडला होता. तो 'भरली' असं सांगत राहिला, आणि सौरपंखांची वीज बॅटऱ्यांपर्यंत पोचेना. बस, एवढंच. या दोघांनी गारठलेल्या हातांनी तारा सोलल्या, त्यांना पीळ दिला आणि सौरपंख थेट बॅटऱ्यांना जोडले. मग स्वतःच्या यानाची इंजिनं चालवून अख्खं स्थानक सूर्याकडे वळवलं. आठपैकी सहा बॅटऱ्या जिवंत झाल्या. हळूहळू ऊब आली, बर्फ वितळला, आणि सगळीकडे ओल. मग दिवसच्या दिवस पुसापुशी. सॅल्यूत-७ पुन्हा राहण्याजोगं झालं. माझ्या मते अवकाशातल्या पराक्रमांत चंद्रावर उतरण्याच्या खालोखाल या कामाचा नंबर लागायला हवा. पण तार जोडणाऱ्याचा पुतळा कोण उभारतो?

आता पाण्याकडे वळू. एक लिटर पाणी खालून वर नेणं किती महाग पडतं हे सांगायला नको. तेव्हा स्थानकावर काही वाया घालवत नाहीत. घाम, उच्छ्वासातली वाफ, मूत्र, सगळं गोळा करून शुद्ध करतात. तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडलेलं दिसतंय. साहजिक आहे. पण गावोगावचं सांडपाणी ज्या नदीत जातं, तिचंच पाणी पुढच्या गावाच्या नळाला येतं. वरचं पाणी त्याहून खात्रीचं.

मूत्रातून पाणी काढणारं यंत्र अमेरिकनांनी २००८ मध्ये वर नेलं. मूत्र कमी दाबाखाली तापवायचं, वाफ गोळा करायची, अशी ऊर्ध्वपातनाची साधी कल्पना. पण 'खाली' नसल्यामुळे द्रव आणि वाफ आपणहून वेगळे होत नाहीत. म्हणून अख्खं भांडंच गरागरा फिरवावं लागतं. हे यंत्र जमिनीवर तपासलेलं होतं. खरं मूत्र वापरूनच तपासलेलं होतं. वर मात्र २००९ मध्ये ते तुंबलं. उघडून पाहिलं तर आत खडी, कॅल्शियम सल्फेटची. हे कॅल्शियम आलं कुठून?

इथे जरा थांबा, कारण सगळा विषय या एका तुंबलेल्या नळीत आहे. हे कॅल्शियम हाडांतून आलं होतं. पडत राहणाऱ्या घरात हाडांवर भार नसतो. ज्या हाडावर भार नाही ते शरीर पोसत बसत नाही. मांडीच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्यानं झिजतं, आणि झिजलेलं कॅल्शियम रक्तातून मूत्रात उतरतं. जमिनीवरच्या चाचणीत वापरलेलं मूत्र चालत्याबोलत्या, जिने चढणाऱ्या माणसांचं होतं. त्यात एवढं कॅल्शियम नव्हतं. शिवाय मूत्र टिकावं म्हणून त्यात सल्फ्युरिक आम्ल घालत. कॅल्शियम आणि सल्फेट, दोघांची गाठ पडली. उपाय काय? आधी पाणी काढण्याचं प्रमाण कमी केलं, म्हणजे उरलेला द्रव फार दाट होऊ नये. मग सल्फ्युरिक आम्लाच्या जागी फॉस्फोरिक आम्ल आणलं. मूत्राचा शेवटचा गाळही सुकवणारं यंत्र जोडल्यावर २०२३ मध्ये पाणी परत मिळवण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं. डॉक्टरांचा प्रश्न प्लंबरला सापडला आणि प्लंबरचं उत्तर रसायनशास्त्रज्ञानं दिलं. या तिघांना एका टेबलावर बसवायला ४०० किलोमीटर वर जावं लागलं!

हवेची गोष्ट थोडक्यात सांगतो. पाण्याचं विद्युत अपघटन करून ऑक्सिजन मिळवतात. कार्बन डायऑक्साइड खनिजाच्या दाण्यांत शोषून घेतात. तरी तिथल्या हवेत तो आपल्या इथल्यापेक्षा दहापटीच्या आसपास राहतो, आणि डोकेदुखीच्या तक्रारी असतात. हवेबरोबर जंतूही फिरतात. स्थानकाच्या हवेच्या गाळणीवर सापडलेल्या एका नव्या जिवाणूला जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या कस्तुरी वेंकटेश्वरन यांच्या गटानं अब्दुल कलामांचं नाव दिलं आहे, सोलिबॅसिलस कलामी. आता हे नाव मानाचं की गमतीचं, ते तुम्ही ठरवा.

आणि गळती? रशियन विभागात एके ठिकाणाहून हवा हळूहळू बाहेर जात होती. २०१९ पासून संशय होता, पण भेग सापडेना. इतकी बारीक, की यंत्रांनाही दाद देईना. ऑक्टोबर २०२० मध्ये रशियन अंतराळवीर अनातोली इवानिशिन यांनी चहाची पिशवी फाडली आणि चहाची पत्ती त्या खणात सोडून दिली. सगळी दारं बंद, कॅमेरे चालू. पत्ती तरंगत राहिली आणि सावकाश एका जागी सरकली. तिथेच भेग. चिकटपट्टी लावली. गळती त्यानंतरही पुरती थांबली नाही, पण जागा सापडली ती चहापत्तीनं.

सगळ्याच गोष्टी अशा गोड संपत नाहीत. १६ जुलै २०१३ ला लुका पार्मितानो हे इटालियन अंतराळवीर स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये पाणी भरू लागलं. थंडाव्यासाठी पोशाखात फिरणारं ते पाणी. ते खाली ओघळेना, डोक्यामागून पुढे येऊन डोळ्यांवर, नाकावर चिकटलं. दिसेना, नीट ऐकूही येईना. सुरक्षेच्या दोरीचा हलका ताण अंगाला जाणवत होता, त्याच्या आधारानं चाचपडत ते दारापर्यंत पोचले. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. एक, पाणी आणि हवा वेगळी करणाऱ्या भागात गाळ अडकला होता. दुसरी जास्त बोचरी. आठवडाभर आधीच्या फेरीतही त्याच हेल्मेटमध्ये पाणी सापडलं होतं. प्यायच्या पिशवीतून गळलं असेल असं म्हणून विषय तिथेच संपवला होता. 'असेल काहीतरी' हे वाक्य आपल्या कुठल्या कचेरीत ऐकू येत नाही?

आता शरीर. खाली पाय आहेत असं रक्ताला वर वाटतच नाही. ते छातीकडे, डोक्याकडे सरकतं. तोंड सुजतं, पाय काटकुळे होतात, नाक चोंदतं. चोंदलेल्या नाकाला चव कळत नाही, म्हणून तिखट सॉसच्या बाटल्यांना मोठी मागणी. बऱ्याच जणांची दृष्टी बदलते, डोळ्याच्या मागच्या नसेला सूज येते. तळपायांची जाड कातडी सोलून निघते आणि पायांच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात, कारण तोल सांभाळायला भिंतीवरच्या दांड्यांखाली पाय अडकवलेले असतात. हाडं टिकावीत म्हणून रोज दोन तास व्यायाम. पट्ट्यांनी स्वतःला यंत्रावर खाली ओढून धावायचं. सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन अशीच वर धावून पुरी केली. खाली शर्यत चालू आणि ह्या वर पट्टे बांधून तेवढंच अंतर कापताहेत. २०२४ मध्ये त्याच सुनीता विल्यम्स आठ-दहा दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि यानातल्या बिघाडामुळे २८६ दिवसांनी परतल्या. वर्तमानपत्रं म्हणाली, त्या 'अडकल्या'. त्या काळात त्यांनी स्थानकाचं नेतृत्व केलं, दुरुस्त्या केल्या, प्रयोग केले. रोजचं काम होतं ते.

एक उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. अकरा अंतराळवीरांच्या मानेतली मोठी शीर सोनोग्राफीनं तपासण्याचा एक प्रयोग स्थानकावर झाला. डोकं आणि रक्त यांचं नातं वर बदलतं, तर शिरेत काय होतं, एवढाच प्रश्न. सहा जणांच्या डाव्या शिरेत रक्त थबकलेलं किंवा चक्क उलट वाहताना दिसलं. आणि एकाच्या शिरेत गाठ. त्याला काही त्रास नव्हता, मोहिमेचे दोनच महिने झाले होते. ही गाठ सुटून फुप्फुसात गेली तर? असा रोगी याआधी कुठल्याच डॉक्टरनं पाहिला नव्हता. रक्त पातळ करणारं औषध स्थानकावर होतं, पण मोजकं. सुया मोजक्या. वजनरहित अवस्थेत कुपीतून औषध सुईत ओढून घेणंही अवघड, कारण द्रव एका बाजूला बसतच नाही. जमिनीवरच्या तज्ज्ञांनी डोस कमी करून पुरवून पुरवून वापरायला सांगितलं. मग मालवाहू यानातून गोळ्या आल्या. तो अंतराळवीर खालून मिळणाऱ्या सूचनांनुसार स्वतःच्याच मानेची सोनोग्राफी करत राहिला. सुखरूप परतला. हा प्रयोग केला नसता तर ती गाठ कुणाला कळली असती? माझ्या हिशेबी स्थानकाची किंमत वसूल करणाऱ्या गोष्टींत ही एक मोठी आहे.

किंमत म्हटली की प्रश्न येतोच. शंभर अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला, तर शोध काय लागला? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं, कारण या बाबतीत जाहिरात फार झाली आहे. प्रथिनांचे सुबक स्फटिक वर तयार होतील आणि औषधांची क्रांती होईल, हे मी कित्येक वर्षं ऐकत आलो. काही काम खरोखर झालं. कर्करोगावरच्या एका प्रसिद्ध औषधाचे बारीक, सारख्या आकाराचे स्फटिक तिथे तयार करता आले. क्रांती मात्र दिसलेली नाही. स्थानकावरच्या कामाला नोबेलही मिळालेलं नाही.

मग हाती काहीच नाही का? आहे. मेणबत्तीची ज्योत निमुळती का असते? गरम हवा वर जाते म्हणून. तिथे ती जात नाही, म्हणून ज्योत गोल, निळसर आणि मंद होते. इंधनाचे थेंब जाळण्याच्या प्रयोगात तर ज्योत विझली असं वाटल्यावरही थेंब आकसत राहिला. डोळ्यांना न दिसणारी, कमी तापमानाची ज्योत जळत होती. इंजिनात इंधन कसं जळतं ते समजायला याचा उपयोग आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवलेल्या लेखातून पदार्थाच्या ज्या विलक्षण अवस्थेचं भाकीत पुढे आलं, ती अवस्था २०१८ पासून स्थानकावरच्या एका पेटीत तयार केली जाते. जमिनीवर हे अतिथंड अणू पटकन खाली पडून हातचे जातात, वर ते जास्त वेळ बघता येतात. आणि स्थानकाच्या पाठीवर बसवलेला, वैश्विक किरण मोजणारा, भौतिकशास्त्रज्ञ सॅम्युअल टिंग यांचा सात टनांचा चुंबकी डिटेक्टर २०११ पासून काम करतो आहे. त्याच्या नोंदींत दिसलेले जादा पॉझिट्रॉन कृष्णद्रव्याची खूण आहेत की आणखी कशाची, यावर अजून वाद चालू आहे.

हा डिटेक्टर आज चालू आहे याचं कारण मात्र भौतिकशास्त्रात शोधू नका. त्याचे थंडाव्याचे पंप बंद पडत गेले, आणि तो वर दुरुस्त करता येईल अशा तऱ्हेनं बनवलेलाच नव्हता. २०१९ च्या हिवाळ्यात दोघांनी बाहेर जाऊन त्याच्या बारीक पोलादी नळ्या कापल्या आणि नवे पंप सांधले. त्यांतले एक अँड्र्यू मॉर्गन. दुसरे कोण? सहा वर्षांपूर्वी हेल्मेटमधल्या पाण्यातून वाचलेले तेच लुका पार्मितानो.

आता आपल्याकडे येतो. २५ जून २०२५ ला अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकाकडे निघाले आणि १५ जुलैला परतले. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी. त्यांच्याबरोबर इस्रोनं निवडलेले सात प्रयोग होते. गाजर हलव्याची आणि आमरसाची बातमी सगळ्यांनी वाचली, प्रयोगांची थोड्यांनी. त्यातला एक आपल्या शेजारचा, धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा. मेथी आणि मूग यांना मोड आणण्याचा. आपल्या स्वयंपाकघरात रोज होणारी गोष्ट, पण 'खाली' कुठे हे मुळाला कळत नसताना ते कसं वाढतं, ही तिथली अडचण. मोड काढून गोठवून ठेवायचे, परत आणून त्यांच्या पुढच्या पिढ्या लावायच्या आणि त्यांतली पोषणद्रव्यं, जनुकं, जंतू तपासायचे. स्नायू पुन्हा कसे वाढतात, सूक्ष्म शैवाल कसं तगतं, हेही प्रयोग होते. यातून जग हादरेल असं कुणी म्हणू नये. कामाची सुरुवात म्हणून ते चांगले आहेत, त्याहून अधिक टाळ्या मी आत्ता वाजवणार नाही.

कारण खरी परीक्षा पुढेच आहे. आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० नंतर पॅसिफिकच्या निर्जन भागात पाडायचं ठरलं आहे. ते ढकलणारं यान बनवायचं कंत्राटही २०२४ मध्ये दिलं गेलं. चीनचं तियानगोंग स्थानक २०२२ मध्ये पुरं झालं, आणि २०११ च्या अमेरिकी कायद्यामुळे नासाला चीनशी हातमिळवणी करता येत नाही. भारतानं स्वतःचं स्थानक उभारायचं ठरवलं आहे. पहिला भाग २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असं उद्दिष्ट आहे.

ते उभारायला आपल्याकडे काय आहे? रॉकेट आहे. उपग्रह आहेत. दोन यानं कक्षेत जोडून दाखवली, हेही झालं. मग काय नाही? डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात, मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात, इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी ते सांगितलं होतं. माणसाला यानात जिवंत ठेवणारी यंत्रणा, म्हणजे हवा शुद्ध ठेवणारी, कार्बन डायऑक्साइड काढणारी, ओल आणि तापमान सांभाळणारी, बाहेरून घ्यायचा प्रयत्न झाला. कुणी द्यायला तयार झालं नाही. तेव्हा ती आपणच बनवणार, असं ते म्हणाले. माणसाला वर नेणाऱ्या गगनयानासाठी काही दिवस पुरेल अशी यंत्रणा हवी. स्थानकाला ती वर्षानुवर्षं चालेल अशी हवी, आणि तुंबली की तिथेच उघडून साफ करता येईल अशीही हवी.

या सभागृहात अभियांत्रिकीची मुलं आली आहेत असं संयोजक म्हणाले. रॉकेटच्या पोस्टरपुढे तुम्ही फोटो काढून घेता, काढा जरूर. पण पंप, गाळण्या, झडपा, ओल शोषणारे दाणे या विषयांत तुमच्यापैकी किती जणांना गोडी आहे, हे मला कळून घ्यायचं आहे. प्रश्नोत्तरांची सुरुवात तुमच्यापासूनच करू. हात वर करा.